खडीवरची सोपी सहल

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेशेजारी एक जोडपं येऊन टेकलं. बायकोचा हात गळ्यात बांधलेला होता.

"नवशिक्यांना जमेल अशी सायकल सहल, असं तूच म्हणालास."

"अगं, निम्मा रस्ता डांबरीच तर होता."

"आणि उरलेली खडी? तिथे एकदा तरी मागे वळून पाहिलंस?"

"मला वाटलं, येतेयस मागून."

"मी सायकलखाली पडले होते. वर तो तंबूही माझ्याच गळ्यात मारलेला."

"चुकलं माझं. तुझी सायकल विकून टाकू."

"का म्हणून? प्लास्टर निघालं की मी परत जाणार. तुझ्या ताईबरोबर. ती निदान माणसासाठी थांबते तरी."

शिक्षिकेचं नाव पुकारलं गेलं.

"आधी यांना जाऊ द्या," ती म्हणाली.