कोंबडीचं कुळ

मंडळी, एक साधा प्रश्न. पूर्वज थोर असले, तर त्यात आपलं कर्तृत्व किती? — माना डोलावू नका, उत्तर अजून दिलेलं नाही मी!

ऐका तर. कृष्णाकाठच्या एका गावात दौलतराव नावाचे गृहस्थ होते. मिशा भरघोस, कुळाचा अभिमान त्याहून भरघोस! लेक हेमांगी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिनं तिथल्याच भरत नावाच्या प्राध्यापकाशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी. पण घरचा धंदा? पोल्ट्री!

"कोंबडीवाल्यांच्या घरात आमची मुलगी?" दौलतराव कडाडले. "हेळव्याला बोलवा!"

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा. सत्याप्पा हेळवी आला, ओसरीवर बसला, वही उघडली, आणि दौलतरावांच्या चौदा पिढ्या एका दमात म्हणून मोकळा झाला. भरतलाही बोलावलेलं; तो खाली पायरीवर.

"तुमच्या किती निघतात?" दौलतरावांनी विचारलं.

"आजोबांचं नाव माहीत आहे."

— पोरगा प्रामाणिक हो! तुमच्यापैकी पणजीचं नाव कोणाला येतं? राहू द्या, उगाच फजिती नको.

तेवढ्यात हेमांगीनं अंगणातली कोंबडी उचलली. "आबा, कुळच बघायचं तर हिचं बघा. पायावरचे हे खवले दिसतात? ही डायनासोरांच्या वंशातली."

"डायनासोरला पिसं असतात होय गं?"

"कित्येकांना होती. उडता येत नव्हतं, तेव्हापासून. उबेला असतील, मिरवायला असतील. दगडांत ठसे सापडलेत त्यांचे. कोट्यवधी वर्षांचं घराणं आहे हिचं!"

सत्याप्पानं कानावरचं पेन काढलं. "ताई, मूळपुरुष कोण लिहू?"

आता मात्र दौलतराव उसळले. "एवढं थोर कुळ, आणि आज खुराड्यात? मग काय चाटायचंय त्या कुळाला!"

झालं! स्वतःच्या कुळाचा निकाल स्वतःच्याच तोंडानं!

सत्याप्पानं हळूच वही मिटली. "तीस वर्षं वाचतोय, धनी. हे विचारायचा मला कधी धीर झाला नव्हता."

दौलतरावांनी एकदा वहीकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मग भरतला म्हणाले, "पायरीवर कशाला बसलाय? वर या, जावईबापू."

मंडळी, त्या कोंबडीच्या घराण्यातले जे अवाढव्य होते, त्यांचे दगड झाले. जे लहानखुरे होते, त्यांची लेकरं पहाटे आपल्याला उठवतात! थोरवी दगडात राहिली, जीव पुढे गेला.

आता आपलं बघू. इथं पुढच्या जाजमावर कोण बसलंय? ज्यांच्या आजोबांनी हा सभामंडप बांधला, ती मंडळी. आजोबांना माझा दंडवत! — तुम्ही मात्र जरा सरका. मागे खांबापाशी बायाबापड्या मघापासून उभ्या आहेत. देवाचं नाव सगळे बसून घेऊ.

सरका... हं, अजून थोडं.