आत सरकलेलं वळण

...आणि वर मलाच म्हणतात, विभाग वाढवा! अहो, कशाचा वाढवू? तुम्हीच सांगा. मी या विद्यापीठाचा क्रीडा संचालक. संचालक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठं ऑफिस, काचेच्या कपाटात चषक, दाराशी शिपाई. माझं ऑफिस म्हणजे रसायनशास्त्राची जुनी अडगळीची खोली. अजून हवा जरा दमट झाली की भिंतीतून कसलातरी वास सुटतो आणि भेटायला आलेला माणूस दोन मिनिटांत डोळे पुसायला लागतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, खेळाची अवस्था ऐकून गहिवरला बिचारा.

व्यायामशाळा आहे हो, नाही कुठे म्हणतोय मी? पण तिच्यात पदवीदानाच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. पदवीदान वर्षातून एकदा, खुर्च्या वर्षभर. टेबल टेनिसचं टेबल आहे, ते परीक्षा विभागाने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला नेलं. मागायला गेलो तर परीक्षेचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणतात, "निकाल महत्त्वाचा की चेंडू? थोडं ॲडजस्ट करून घ्या, सर." बरं, टेबल नेलं ते नेलं, जाळीही नेली. उत्तरपत्रिकांना जाळी कशाला लागते, ते मी अजून विचारतोय.

थोडं ॲडजस्ट करून घ्या. तुम्हाला सांगतो, माझ्या निरोप समारंभातही कोणीतरी मला हेच ऐकवणार आहे, कारण त्या दिवशी सभागृह दुसऱ्याच कोणाला तरी दिलेलं असणार.

तर अशात नवे कुलगुरू आले. हे एकेक शब्द वजन करून बोलतात. दोन्ही हात पोटावर, मान थोडी कलती. "संचालक... मला... या विद्यापीठाचं नाव... धावताना बघायचंय." मी म्हटलं, साहेब, नाव धावायचं तर आधी मुलं धावायला हवीत, आणि मुलं धावायची तर धावपट्टी हवी, चांगली, रबरी, जशी बाहेर सगळीकडे असते तशी. आणि काय सांगू, साहेब चक्क हो म्हणाले! आनंदाने मला घरी जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, पोट बिघडलंय का?" म्हटलं, नाही गं, मंजूर झालंय. तर म्हणते, "मग काहीतरी चुकलं असेल. परत एकदा विचारून या." पंचवीस वर्षं संसार केलाय, तिला माझी नोकरी माझ्याहून जास्त कळते.

नकाशा आला. मी डोळ्यांत तेल घालून तपासला. एक फेरी चारशे मीटर, बरोब्बर. आता नकाशावर पळायचं असतं तर काहीच अडचण नव्हती. पण मैदानावर आमच्या बांधकाम विभागाचा इंजिनियर. हा माणूस कायम घाईत, कायम फोनवर, आणि कोणतीही गोष्ट सांगितली की आधी "झालं समजा" म्हणतो. गवत काढा, झालं समजा. निचरा नीट करा, झालं समजा. सहा महिन्यांत लाल धावपट्टी तयार झाली, बाजूला पाहुण्यांसाठी छप्पर घातलेलं व्यासपीठ, त्यावर सोफे. फीत कापली, टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आतल्या पट्टीवर प्राध्यापक मंडळी चौघं-चौघं हातात हात घातल्यासारखी फिरायला लागली. सगळ्यात पुढे कुलगुरू साहेब, चामडी चपला घालून. मुलं पळतात बाहेरच्या पट्टीतून, शिट्ट्या मारत, "सर, बाजू, सर, बाजू." आणि सर काय म्हणतात? बरोबर. थोडं ॲडजस्ट करून घ्या रे.

पण खरं सांगतो, मी खूश होतो. कारण निकाल यायला लागले. जो तो आपली जुनी वेळ मोडायला लागला. आणि त्यात आमची आगाऊ. तिचं नाव वेगळं आहे, पण ही मुलगी शर्यतीचं पिस्तूल वाजायच्या आधीच सुटते म्हणून सगळे आगाऊ म्हणतात, आणि तीही हाकेला ओ देते. आठशे मीटर पळते. बारीक, काटक, आणि तोंड असं की पंचाशीही वाद घालते. तिच्या घरचं म्हणणं सरळ होतं. या वर्षी राष्ट्रीय शिबिरात निवड झाली तर पळ, नाहीतर बूट ठेव आणि नोकरी बघ. तर ही आगाऊ नव्या ट्रॅकवर आठशे मीटर पळाली आणि विद्यापीठाचा विक्रम मोडला. नुसता मोडला नाही, दोन सेकंदांच्या वर फरकाने मोडला. अहो, आठशेत दोन सेकंद म्हणजे काय थट्टा आहे? लोक त्यासाठी वर्षं घालवतात!

झालं, साहेबांनी छाती फुगवली. बैठकीवर बैठक. विभाग वाढतोय म्हणाले, आणि खरंच वाढवला की. मला एक उपसंचालक दिला. मी धावण्याचा प्रशिक्षक मागितला होता. उपसंचालक बुद्धिबळाचे आहेत, त्यांना उन्हाचा त्रास होतो. माझ्याच खोलीत दुसरं टेबल लागलं, आता दोघं मिळून डोळे पुसतो.

आणि मग एके सकाळी साहेबांनी मला मैदानावर हाक मारली. मनगट पुढे केलं. जावयाने पाठवलेलं घड्याळ, चाललेलं अंतर मोजणारं. "संचालक, हे घड्याळ... चोरतं. मी पाच फेऱ्या मारतो, हे दोन किलोमीटर दाखवतच नाही. जावई... साधारण आहे, हे मला माहीत होतं. पण घड्याळही?" सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता थांबलो हो... कारण जावयाचं मला ठाऊक नाही, पण घड्याळाने खोटं का बोलावं?

मोजायचं कशाने? विभागाचा लांब टेप बांधकामवाल्यांनी नेलेला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप खिशात घातला आणि उजाडायच्या सुमारास मैदानावर जाऊन गुडघ्यांवर बसलो. बायको आदल्या दिवशीच म्हणाली होती, "मैदानाला कपडे शिवताय का?" हसा, हसा. दीड मीटरचा टेप, धावपट्टीची कड, आणि पन्नाशी उलटलेला संचालक रांगतोय. फिरायला आलेले प्राध्यापक वाकून विचारतात, "काय हरवलं, सर?" काय सांगू त्यांना? म्हटलं, सात मीटर.

सात मीटर! एका फेरीत सात मीटर कमी. म्हणजे माझं अख्खं ऑफिस, उपसंचालकासकट, त्या फेरीतून गायब होतं. आठशेच्या दोन फेऱ्या, म्हणजे दोन ऑफिसं. आगाऊचे दोन सेकंद कुठून आले ते मला तिथेच, त्या लाल रबरावर बसल्या बसल्या कळलं. रडू आलं हो मला. या वेळी खोलीचा वास नव्हता.

इंजिनियरला धरलं. फोन कानाला तसाच ठेवून म्हणतो, "नाही सर, कागदावर चारशेच आहे." म्हटलं, कागदावर कोण पळतंय? तर म्हणतो, "त्याचं काय झालं, व्यासपीठापर्यंत साहेबांची गाडी यायला पाहिजे ना? गाडी आली की तिला वळायला जागा पाहिजे. मग त्या टोकाचं ट्रॅकचं वळण आत घेतलं जरासं. थोडं ॲडजस्ट केलं. आणि सर, गोल तर आहे ना? गोलच आहे की." ऐकलंत? गाडीला वळता यावं म्हणून याने पळणाऱ्यांचं वळण आत सरकवलं. आणि ती गाडी! साहेब तर मैदानावर रोज चालतच येतात!

साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. मग हात पोटावर. "म्हणजे विक्रम... गेले?" म्हटलं, गेले साहेब. "आणि माझ्या फेऱ्या?" म्हटलं, त्याही. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "संचालक, माझ्या डॉक्टरांनी परवाच कौतुक केलं माझ्या वेगाचं. आता ट्रॅक उखडायचा, व्यासपीठ पाडायचं... विभाग वाढवायचा की पाडायचा? सात मीटर म्हणजे काय हो? थोडं ॲडजस्ट करून घ्या."

आता आगाऊला कोण सांगणार? मीच. आंतरविद्यापीठ स्पर्धा दुसऱ्यांच्या मैदानावर होती, तिथे फेरी पुरी चारशेची. तिथली वेळ बघून शिबिराची निवड होणार. विक्रमवीर म्हणून ही तिथे जाणार आणि शेवटी धापा टाकत मागे पडणार, का, तर आमच्या साहेबांची गाडी वळावी म्हणून? मी तिला व्यासपीठाच्या पायरीवर बसवलं आणि सांगून टाकलं. एरवी मला एक वाक्य पुरं करू न देणारी मुलगी, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे सर, मी वेगात पळतच नाही?" म्हटलं, पळतेस गं. पण आम्ही तुला कमी पळवलं. तिने बुटाची नाडी सोडली, परत बांधली, परत सोडली. मला वाटलं, आता ही बूट काढून हातात देते आणि घरी जाते. तर नाक पुसून उभी राहिली. "खडू आहे?"

खडू! तेवढी एकच वस्तू माझ्या विभागात भरपूर आहे. सुरुवातीच्या रेषेच्या मागे दोन ऑफिसं मोजून आम्ही पांढरी रेघ ओढली. पण सकाळी साहेबांच्या फेऱ्यांआधी सफाईवाले पाणी मारतात, रेघ साफ. आगाऊ परत ओढायची. रोज पुसली जायची, रोज ही नवी ओढायची, अंदाजाने, आणि रोज थोडी आणखी मागे. म्हणायची, "सर, कमी पडायला नको." एकदा ती गेल्यावर मी शिवणाचा टेप लावून बघितला. दोन काय, पाच ऑफिसं मागून पळत होती पोरगी! मी सांगितलं नाही तिला. टेप खिशात टाकला आणि घरी गेलो.

स्पर्धेच्या दिवशी आगाऊ रेषेवर उभी. मी मनात म्हणतोय, पिस्तुलाआधी सुटू नको, माझ्या आई, आज नको. आणि ती हलली नाही. सगळ्यांच्या बरोबर सुटली. पहिली फेरी मधोमध. दुसऱ्या फेरीला बाकीच्यांचे चेहरे आंबट व्हायला लागले आणि ही मात्र नुकतीच घराबाहेर पडल्यासारखी. शेवटच्या वळणावर एकीला मागे टाकलं, सरळ रस्त्याला दोघींना मागे टाकलं, रेषा ओलांडली, पहिली! आणि थांबेचना. अहो, पळतेच आहे! पंच मागून ओरडतात, "ए मुली, संपलं, संपलं!" हिच्या पायांना कुठे ठाऊक संपलं ते? त्यांना अजून तीन ऑफिसं पळायची होती. मी हसत होतो की रडत होतो, शेजारच्यांना विचारा. आणि वेळ? आमच्या त्या खोट्या विक्रमाहूनही कमी. खऱ्या आठशे मीटरला. शिबिरात निवड झाली. तिच्या बापाने मला फोन केला आणि नुसताच "सर... सर..." करत राहिला.

आता तुम्हाला वाटेल, चला, शेवट गोड झाला. थांबा की.

सत्कार झाला. त्याच व्यासपीठावर, त्याच सोफ्यांवर. साहेब उठले, हात पोटावर. "हे यश... कोणाचं?" मी जरा सरसावून बसलो. माणूस आहे मीही. "हे यश... आपल्या ट्रॅकचं! काही लोकांनी या ट्रॅकबद्दल शंका घेतली." माझ्याकडे बघितलं. "आज त्यांना उत्तर मिळालं. म्हणून मी जाहीर करतो, विभाग वाढणार! आपल्या दुसऱ्या आवारातही धावपट्टी होणार... आणि ती अगदी या मापाची होणार!" टाळ्या. उपसंचालकांनीही वाजवल्या, सावलीतून. आगाऊ माझ्याकडे बघून तोंडावर हात दाबून हसत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी इंजिनियरला जिन्यात गाठलं. हात जोडले. म्हटलं, बाबा रे, तिकडे गाडीही येणार नाही, व्यासपीठही नाही, जागा मोकळी पडली आहे. एवढं वळण जरा बाहेर सरकव, फेरी पुरी चारशेची होऊ दे. कोणाला कळणारसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणतो तुला, थोडं ॲडजस्ट कर.

त्याने कानाचा फोन काढला. पहिल्यांदाच काढलेला बघितला मी. गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सॉरी सर. मापाच्या बाबतीत ॲडजस्टमेंट नाही."

परत आलो खोलीत. डोळे पुसले आणि भांडाराकडे खडूच्या दोन पेट्या मागितल्या. भांडारवाल्याने एकच दिली, तीही अर्धी, आणि म्हणाला... जाऊ द्या. काय म्हणाला ते तुम्हाला ठाऊकच आहे.