ये म्हणा, जा म्हणू नका

दोष महादेवरावचा. आधीच सांगून ठेवतो, मंग तुमी म्हणसान का हे पोट्टं मोठ्यायले नावं ठेवते... हो, ठेवते, कावून नाई ठेवायची? महादेवराव म्हणजे माह्या बापाचा मोठा भाऊ, आमचा काका, डोक्शावर पटका, हातात शिळा अखबार. ह्या माणसानं जन्मात दोनच गोष्टी केल्या, एक म्हणजे ओट्यावर बसला, अन् दुसरी म्हणजे बसल्या बसल्या लोकायले उभं कसं राहायचं ते शिकवलं.

तर त्या साली चांदूर रेल्वेपासून अमरावतीपर्यंत धावायची शर्यत निघाली, रस्ता आमच्या गावावरून, अन् गावचा एकच गडी तिच्यात... गोवर्धन. तानुबाईचा पोरगा. माळ्याचं घर, रोज पहाटे फुलायची टोपली डोक्शावर घेऊन हा अमरावतीच्या बाजारात धावत जाणार, कारण झेंडू थांबते पण मोगरा थांबत नाई. अकोल्याच्या कोण्या कापसाच्या जिनवाल्या शेठनं कबूल केलं होतं का जो पहिला येईन त्याले जिनात काम अन् राहाले खोली. म्हणजे गोवर्धनाची टोपली सुटणार होती.

आता तुमी म्हणसान, तुहा काय संबंध? सांगतो ना. मी शाळा सोडलेला. मास्तरले तोंडावर म्हटलं का जे तुमाले येत नाई ते आमाले कावून विचारता, अन् दप्तर उचलून घरी आलो. तवापासून घरात बाप ताटाशी बोलते, माय चुलीशी बोलते, अन् काका साऱ्या गावाशी बोलते, माह्याबद्दल. माह्याशी बोलणारा एकटा गोवर्धन. संध्याकाळी मळ्याच्या बांधावर येऊन बसायचा, पाय चोळायचा अन् म्हणायचा, "तू बोल बे, मी आयकतो." तुमाले म्हटलं आहे कोणी असं कधी?

तोच मले म्हणते, "गाव संपते ना, तिथी पाय जड होतेत माहे. तू तिथी उभा राय. तुहा आवाज आला का मी पुढं निघन." मिळालं मले काम. पाहणाऱ्याचं. अन् तुमाले सांगतो, तो जिंकला का बांध रिकामा, हे मले समजत नव्हतं असं नाई. पण दोस्त धावत असला का पाहणाऱ्यानं स्वतःचा हिशोब घरी ठेवून यावं लागते. लोक म्हणतेत, पाहणाऱ्याचं काम सोपं असते.

आदल्या दिवशी काकानं पारावर सभा भरवली. म्हणे, "ह्याले म्यारेथान म्हणतात. तिकडं परमुलखात एक शिपाई लढाईची खबर घेऊन असाच धावला. गावात पोचला, आपण जिकलो म्हणाला, अन् तिथीच खपला."

"मेला?" तानुबाई.

"जागच्या जागी."

"मंग माह्या पोराले कावून धावाले लावून राहिले गा दादा तुमी?"

तानुबाई मटकन खाली बसली, पदर डोयाले, बाया तिच्याभोवती, अन् काका अडकला. पण काका अडकला का कायदा काढते. म्हणे, "आपल्यात घरून निघणाऱ्याले जा म्हणत नाई, जाणाराही येतो म्हणूनच निघते. उद्या रस्त्यावर कोणी जा म्हणायचं नाई, अपशकुन होते. सगळ्यायनं ये म्हणायचं." अन् लगेच तालीम सुरू. मैनाबाई म्हणे ये, नत्थुजी म्हणे ये, सारा पार बकरी बोलावल्यावाणी ये ये करून राहिला. मी म्हटलं, "काका, धावणाऱ्याले ये म्हटलं तर तो येईन ना."

काका म्हणते, "शाळा सोडणाऱ्यानं व्याकरण शिकवू नये."

झालं. दुसऱ्या दिवशी मी गावाच्या टोकाले जाऊन उभा राहिलो, एकटा, अन् सारं गाव माह्या अलीकडं लिंबाखाली, लोटे, हार, कुंकवाचा करंडा घेऊन. अमरावतीच्या तालमीतले दोघं आधी निघून गेले. कोणी हूं का चूं नाई. काका म्हणे, "ते आपले नाई, घसे जपा." मंग आला गोवर्धन, तिसरा, फार मांगं नाई, धुळीनं माखलेला, पण पाय कसे सरळ पडून राहिले होते... अन् उठलं गाव. "ये रे गोवर्धना, ये, ये रे बापा, ये."

आता जो पोरगा जन्मभर, मोठ्या माणसानं ये म्हटलं का टोपली खाली ठेवून गेला, तो काय करीन? तो आला. रस्ता सोडला, लिंबाखाली काकापुढं जाऊन उभा राहिला, छाती भात्यासारखी, अन् म्हणते, "काय म्हणता काका?"

काकानं पटका सावरला. म्हणे, "आला का?"

"आलो."

मैनाबाईनं लोटा तोंडाले लावला, कोणी कुंकू लावून राहिलं, तानुबाई त्याचे गाल चाचपून पाहून राहिली का पोरगा जित्ता आहे, अन् तेवढ्यात चौथा गडी समोरून निघून गेला. कोणी पाहिलंही नाई त्याले. मी पाहिलं. पाहणाऱ्याचं काम सोपं असते ना.

मी रस्त्याच्या मधात आलो अन् बोंबललो, "जा बे गोवर्धना, जा. मांगं पाहू नको, जा."

सारं गाव माह्याकडं असं पाहाले लागलं जसं मी कडब्याच्या गंजीले काडी लावली. तानुबाईनं कानावर हात ठेवले. काका म्हणे, "तोंड आवर, कारट्या." पण गोवर्धन हसला, लोटा मैनाबाईच्या हातात दिला अन् सुटला. मी त्याच्या मांगं मांगं वळणापर्यंत, जा जा करत, आवाज बसेपर्यंत. वळणावर मी थांबलो. पाहणाऱ्यानं तिथीच थांबायचं असते.

पहिला आला तो. संध्याकाळी गाडीवानानं येऊन सांगितलं. काकानं पारावर साखर वाटली अन् म्हणे, "साऱ्या गावानं ये म्हटलं, म्हणून आला."

मंग तो अकोल्याले निघाला. बांधावर आला, माह्या पाठीवर थाप मारली अन् म्हणते, "येतो बे." म्हटलं, ये. अकोला काय लंकेत आहे? बडनेऱ्याले गाडीत बसलं का उतरलंच. पोळ्याले वाट पाहिली. दिवाळीले आला, पण उभ्या उभ्या, तानुबाईले घेऊन जायले. तवापासून त्यायच्या दाराले कुलूप आहे, अन् मोगरा कोणी तोडत नाई.

अन् काका ओट्यावरून मले म्हणते, "आता कावून तोंड पाडून बसला? तूच म्हटलं होतं ना त्याले जा?"

म्हटलं होतं. सारं गाव ये म्हणत होतं, म्हणून मले म्हणावं लागलं. माह्याशी बोलणारा एक माणूस होता. तो गेला.