झाका सरांच्या जागी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शिकवणीवर्गाचे संचालक महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचा आहे ते आमचे सर, पालकहो, आणि मागच्या बाकांवर आधीच चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मुलं सरांना पाठीमागे ‘झाका सर’ म्हणतात. सर, हसताय, म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे तर!

पाहुण्यांसाठी सांगते. प्रवेश परीक्षेत शब्दांच्या जोड्या विचारतात. सुताराला लाकूड, तर शिंप्याला काय? खाली पर्याय: सुई, कापड, दुकान, गिऱ्हाईक. इथे शिकायला आले त्या पहिल्याच दिवशी मी पर्यायांवर झडप घातली. सरांनी त्यांवर तळहात ठेवला.

“झाका! आधी पहिल्या जोडीचं वाक्य कर.”

“सुताराला लाकूड लागतं.”

“मग शिंप्याला सुई लागत नाही? गिऱ्हाईक लागत नाही? वाक्य सैल आहे. आवळ.”

रडकुंडीला आले तेव्हा जमलं: सुतार लाकडाच्या वस्तू करतो. तेच वाक्य, शब्दांचा क्रम न उलटता, शिंप्याला लावलं. सर म्हणाले, “आता हात काढतो. बघ, तुझं उत्तर तिथे आहे का.” होतं. कापड. पाठ न करता मिळालेलं ते माझं पहिलं उत्तर. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि त्याची सुरुवात त्या तळहाताखाली आहे.

इथवर बोलून मी खाली बसावं, हे बरं. पण सरांच्या निरोपाला अर्धंच बोलायचं का?

गेल्या वर्षी आपला निकाल घसरला. पालक मुलांना दुसऱ्या शिकवणीवर्गात नेऊ लागले. संचालक महोदय, तुमची काळजी खोटी नव्हती. तुम्ही तयार जोड्यांची पुस्तिका छापलीत; मुलांनी ती पाठ करायची. सर म्हणाले, मी हे शिकवणार नाही. निमंत्रणपत्रिकेवर ‘स्वेच्छेने निवृत्त’ असं छापलं आहे. आणि सोमवारपासून त्यांच्या जागी मी.

सध्या मी इथे तासांच्या हिशोबाने शिकवते; त्या माझ्या वर्गात मी पुस्तिका वापरून पाहिली. मुलं भराभर उत्तरं देत होती. संचालक दारात उभे राहून खूश झाले. ते गेल्यावर मी एकच शब्द बदलला. सुताराला करवत, तर शिंप्याला काय?

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “कापड!”

कात्री कुणालाच सुचली नाही. उलट एक मुलगी मलाच म्हणाली, “ताई, पुस्तिकेत कापडच आहे. तुमचा प्रश्न चुकलाय.”

त्या दिवसापासून मला चैन नाही. घरी सांगितलं, तर आई म्हणाली, “आधी हो म्हण गं बाई. पक्का पगार आपल्या घरात कधी आलाय? तत्त्वं काय, नंतरही बाळगता येतील.” ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं तरी काय चुकलं?

आज सकाळी जिन्यात सरांना गाठलं. “सर, घेऊ का मी तुमची जागा?” ते जिना उतरता उतरता म्हणाले, “पर्याय झाक. वाक्य कर.”

केलं, सर. ‘सर या वर्गाला शिकवतात.’ या वाक्यात तुमच्या जागी मी सहज बसते. पण ते सैल आहे. आवळलं: ‘सर या वर्गाला विचार करायला लावतात.’ हातात पुस्तिका असेल, तर या वाक्यात मी बसत नाही.

संचालक महोदय, मागून कुजबुजण्यापेक्षा इथेच विनंती करते. सोमवारी मला पुस्तिकेशिवाय वर्गात जाऊ द्या. निकाल सुधारला नाही तर जाब मला विचारा. आणि हे मान्य नसेल, तर ही जागा दुसऱ्या कुणाला द्या. आई, अशी खाली बघू नकोस गं.

आपण सर्वांनी मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वयाला किंवा या प्रसंगाला न शोभणारं काही बोलून गेले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि सर, माझं वाक्य अजूनही सैल असेल, तर जाण्याआधी तेवढं सांगून जा.