घोंगड्याआडची हौसा

मंडळी, ऐका. आधी हिशेब मांडू, मग देवाचं नाव घेऊ. देव थांबतो, तुम्ही थांबत नाही.

भैरू सनगराने बायकोकडे बोट दाखवून सांगितलं, "ही माझी हौसा नव्हं." खोटं बोलून त्याच्या पदरात काय पडणार होतं? बावीस वर्षं आयती मिळालेली भाकरी जाणार. घोंगड्याला लावायच्या खळीसाठी चिंचोके कुटणारे हात जाणार. तिसऱ्या ओळीतले काका हसतात – दुसरी बायको मिळेल, असंच ना? गावालाही तेच वाटलं. मग सांगा, माणूस आपल्या माणसाला ओळखतो कशाने? डोळ्यांनी?

भैरू घोंगडी विणायचा. जत्रेहून येताना मोटारसायकल घसरली, डोकं दगडावर आपटलं. महिनाभर दवाखान्यात काढून घरी आला. हौसाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो बघतच राहिला.

"बाई, तुम्ही कोण?"

"धनी, मी हौसा."

"दिसता तिच्यावाणीच. कपाळावरचं गोंदणबी तेच. पर ती कुठाय?"

त्याने वाकून तिचे पाय बघितले. भुताचे पाय उलटे, एवढं शास्त्र आपल्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. पाय सरळ निघाले. "पायबी सरळ करून आलीया," तो पुटपुटला. लग्नातला उखाणा विचारला. तिने न अडखळता म्हटला. "सगळं पढवून धाडलंय." तिची भाकरी त्याने आधी कुत्र्याला घातली आणि ते मरतंय का, हे बघत बसला. कुत्रं शेपूट हलवत राहिलं. कुत्र्याला हौसा पटली होती.

नवव्या दिवशी भैरूने कोयता उचलला. "माझी बायकू कुठं पुरलीस, सांग."

हौसा पळाली, शेजारच्या जावेकडे शिरली. पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि घरातला माणूस उपाशी होता. तिने त्याला फोन लावला.

"धनी, जेवलासा का?"

पलीकडून हुंदका. "हौसा? कुठं व्हतीस गं? घरात तुझ्या तोंडाची बाई शिरलीया. लवकर ये."

ऐन उन्हात तिच्या अंगावर काटा आला. तिचीच कागाळी तो तिच्याचकडे करत होता.

"आधी कोयता खाली ठिवा," ती म्हणाली. त्याने ठेवला.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "बाई, मेंदूत चेहऱ्याच्या दोन वाटा असतात. एक सांगते, हे गोंदण, हे नाक, ही हौसा. दुसरी त्याच क्षणी आत ऊब धाडते, ही आपली. यांची दुसरी वाट तुटलीय. चेहरा कळतो, ऊब येत नाही. मग मेंदू आपणच गोष्ट रचतो, की ही सोंग घेऊन आलीय. आवाजाची वाट मात्र शाबूत आहे; तोंड दिसलं नाही की नुसत्या आवाजावरून ते तुम्हाला ओळखतात."

"तुटल्याली जुळंल?"

"सांगता येत नाही."

टाळकरी, जरा थांबा. हौसा घरी आली आणि माजघरात दोरीवर त्यानेच विणलेलं काळं घोंगडं टाकलं. त्याच्याआड बसून बोलू लागली. लग्नात अंतरपाट क्षणभर धरतात, तो सरला की संसार सुरू. हिचा अंतरपाट सरला की संसार मोडणार.

भैरू जेवू लागला, मागावर बसू लागला. एका दुपारी घोंगड्याला म्हणाला, "हौसा, ती बाई घर सारवती, माझी कापडं धुती. हात तुझ्यावाणीच भेगाळल्यात. वाईट न्हाई. पर तिला घालव आता."

आड बसलेल्या हौसाने आपले तळवे बघितले. हे कुणाचे, तिलाच क्षणभर कळेना.

"तिला दुसरं घर न्हाई, धनी," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

"तू म्हणतीस म्हणून."

आता तुमच्याकडे वळतो. तुमचं डोकं कुठे आपटलेलं नाही, दोन्ही वाटा धडधाकट. तरी आज कीर्तनाला निघताना ताट वाढून देणारीच्या तोंडाकडे बघितलंत? ऊब आली? काका आता हसत नाहीत.

राहिला हिशेब. भैरूला हौसा मिळाली. घराला राबणारी मिळाली. गावाला गोष्ट मिळाली, मला आख्यान मिळालं. द्यावं लागलं एकटीलाच. तिने आपलं तोंड दिलं.