नवे बिट आणि पलीकडचा ड्रिलर

हसणार नसाल तर सांगतो. चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत मी ड्रिलर होतो. ड्रिलचे जुने बिट, म्हणजे दगडात भोक पाडायची टोकं, लवकर बोथट व्हायचे, म्हणून साहेबानं जास्त टिकणारे, स्वस्तात पडणारे नवे बिट आणले. आता बिट बदलायले थांबायचं काम नव्हतं. तरी माझे जोडीदार देवाजीभाऊ मधूनच मशीन बंद करून भिंतीले कान लावत.

"काऊन थांबले, भाऊ?" एक दिवस मी विचारलं.

"पलीकडं कोणी ड्रिल करून राह्यलं. ऐक."

मलेही आवाज आला. आम्ही काम सोडून वर आलो. सर्वेवाल्यानं जुना नकाशा काढला, तर पलीकडं पाण्यानं भरलेली बंद खाण. अजून दोन हात भोक गेलं असतं, तर आम्ही बुडालो असतो.

"मग तो आवाज कोणाचा, भाऊ?"

"पाणी भरलं तवा माहा बाप तिथी ड्रिलवर होता," देवाजीभाऊ म्हणाले. "त्याचा ड्रिलवरचा हात मले आवाजावरून ओळखू येते."