बोटीचं नाक

...आणि हळदीकुंकू आटोपून बायका जिना उतरतात न उतरतात तोच हे आतून फाईल घेऊन बाहेर आले आणि मला विचारतात काय, "इंदू, नऊ होत्या की दहा?" मला वाटलं, उरलेल्या कैरीच्या डाळीवर डोळा आहे... छे! "तसं नाही गं, एका वेळी बसलेल्या किती? आणि त्यातल्या अलकाताई कुठल्या बाजूला होत्या?" आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाजूला म्हणजे कशाच्या? तर बोटीच्या!

हो हो, बोटीच्याच. असं काय बघता माझ्याकडे? काचीगुड्यात, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या हॉलमध्ये, जिथल्या खिडकीतून तळं दिसत नाही की नदी दिसत नाही, दिसते ती फक्त रेल्वेची भिंत, तिथे दहा फुटी रबराची बोट! सोफा बेडरूममध्ये, टीपॉय गॅलरीत, आणि चैत्रगौर कुठे मांडू म्हटलं तर म्हणे, "तो कोपरा मोकळा आहे ना!" बरं, हवा सोडा म्हटलं तर तेही नाही, कारण हवा किती दिवस टिकते त्याचीच म्हणे परीक्षा चालली होती. मग काय करते? बोटीवर सोलापुरी चादर टाकली आणि बायकांना म्हटलं, बसा गं, नव्या पद्धतीची बैठक आहे. बसल्या बिचाऱ्या! दोन्ही फुग्यांवर ओळीनं बसल्या, हातात पन्ह्याचे पेले, आणि आमच्या अलकाताई म्हणजे चांगल्या भरभक्कम, त्या टेकल्या की शेजारच्या दोघी चार बोटं वर, त्या उठल्या की दोघी धप्पकन खाली, पन्हं कुणाच्या तोंडात तर कुणाच्या पदरात! आणि हे काय करताहेत? स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून लिहिताहेत! मी नंतर वाचलं ना. "चाचणी क्रमांक तीन. नऊ महिला. चाळीस मिनिटे. हवा टिकली. शेरा: समाधानकारक." कपाळ माझं!

तुम्हाला सांगते, ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. चौतीस वर्षं तळ्यांच्या आणि कालव्यांच्या फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर केल्या, पण पाण्याला कधी पाय लावला असेल तर शपथ! हिम्मतराव नुसते नावाचे. लग्नानंतर नागार्जुनसागरला नेलं होतं मला, लाँच समोर उभी होती, तर म्हणतात, "आज वारा आहे, पुढच्या खेपेला बसू." ती पुढची खेप अजून यायची होती. आणि मग हे रिटायर झाले, आणि काही महिन्यांनी आमचा भाचा, समीर, नणंदेचा मुलगा, इथे मोठ्या कंपनीत होता, तो निघाला कॅनडाला. जाताना लोक फ्रीज देतात, मिक्सर देतात. ह्यानं मामाला बोट दिली! बोट, वर आठ घोड्यांचं जुनं इंजिन, आणि मला म्हणतो, "मामी, डोन्ट वरी, फक्त हवा भरायची आणि बसायचं!"

फक्त हवा भरायची! हवा भरली तर फुर्रर्र करून कुठूनतरी जायची. कुठून? ते शोधायला माझा भांड्यांचा साबण, ह्यांचा दाढीचा ब्रश, आणि सबंध बोटीला फेस! बुडबुडा दिसला की हे लहान मुलासारखे ओरडायचे, "सापडलं, इंदू, सापडलं!" तिथे ठिगळ. मग दुसरीकडे बुडबुडा. मग मागच्या लाकडी फळीला बोल्ट, मग वल्ह्यांना कड्या, मग बसायच्या फळीला पट्टे, आणि मी विचारलं, अहो, संपलं का, की उत्तर ठरलेलं, "बस, एवढंच राहिलंय!"

तुम्ही म्हणाल, मग इंदुताई, तुम्ही बाहेर का नाही फेकलीत ती बोट? फेकली असती हो! दोनदा उचललीही होती एका टोकाला. पण खरं सांगू? त्याआधीचे आठ महिने मी बघितले होते. रिटायर झाल्या दिवसापासून हा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. पेपर मांडीवर, तोही घडी न मोडलेला. चहा घेता का? "दे." जेवता का? "वाढ." बास, दिवसभरात दोन शब्द! मी बोलबोल बोलायची आणि भिंतीवरची पाल तेवढी चुकचुकायची. मला भीती वाटायला लागली होती हो त्या खुर्चीची. आणि आता तोच माणूस सकाळी सहाला उठून साबणाचा फेस करतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? बोलायची ती बोलतच होते म्हणा, पण फेकत नव्हते.

मग आली इंजिनाची पाळी! आता इंजिन म्हटलं की ते लावून बघायला पाणी पाहिजे, आणि आमच्याकडे नळ येतो एक दिवसाआड, म्हणून गच्चीवर मी ड्रम भरून ठेवते, झाकण लावून, वर फडकं बांधून. त्या ड्रमात, माझ्या भरलेल्या ड्रमात, ह्यांनी ते इंजिन उतरवलं! सोबत अंबरपेठचे गफूरचाचा. चाचा म्हणजे बोअरच्या मोटारी आणि शेतातले पंप दुरुस्त करणारे, हाडांचा सापळा, पण हातात कला. त्यांनी इंजिनाला चारी बाजूंनी बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "साब, पानी निकालने के इंजन उमरभर देखा मैं. पानी में जाने का पहली बार देखरौं." आणि ओढली दोरी! तुम्हाला सांगते, असा आवाज, असा आवाज, आणि ड्रममधलं सगळं पाणी एका क्षणात आभाळात! तिथून ते कुठे पडावं? खालच्या भाग्यलक्ष्मीगारूंनी, गारू म्हणजे आपलं राव किंवा ताई, गच्चीच्याच कोपऱ्यात चार चादरींवर वडियालु घातले होते, आपल्या सांडग्यांचे चुलतभाऊ, नेमकं त्यांच्यावर! त्या धावत वर, "अय्यो, ना वडियालु! माझे वडियालु! इंदुगारू, हे काय चाललंय, देवा!" मी त्यांची समजूत घालतेय, चाचा स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकताहेत, "भूका है साब, भूका! हवा जादा खारा, तेल कम!" म्हणजे इंजिन हवाच जास्त खातंय म्हणे, आणि हे भिजलेल्या फायलीत लिहिताहेत. स्क्रू पाव फेरी इकडे, इंजिन गप्प. पाव फेरी तिकडे, इंजिन बोंबलतंय. अर्धा दिवस तेच! आणि हे सदऱ्याचं पाणी पिळत मला म्हणतात, "बस, एवढंच राहिलंय!"

शेवटी एका रविवारी निघाली स्वारी. शमीरपेटच्या पुढे ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या रेड्डीगारूंचं शेत आहे, शेताला लागून त्यांचं स्वतःचं तळं, त्यांनी आनंदानं परवानगी दिली. मी काठावर डबा घेऊन. हे बोटीत, अंगात केशरी जॅकेट, मनगटाला इंजिनाची लाल दोरी, गंडा बांधावा तशी. माणूस पाण्यात पडला तर ती दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं म्हणे. चला, तेवढी तरी अक्कल कुणालातरी होती! ओढली सुरू करायची दोरी, इंजिन चालू, मी टाळ्या वाजवणार एवढ्यात... बोटीचं नाक वर! वर म्हणजे किती वर? हे मागे, इंजिन मागे, तेलाची टाकी मागे, पुढे नुसता वारा! बोट आभाळाकडे तोंड करून उभी, ह्यांना समोरचं काही दिसेना, आणि गाडी जागच्या जागी गोल गोल. रेड्डीगारू मला हळूच विचारतात, "अम्मा, हे असंच असतं का?"

घरी आल्यावर फाईल. "नाक वर." इंजिन ज्या खिळीवर टेकतं ती घालायला चार भोकं, त्यातलं दुसरं घेतलं, म्हणजे इंजिनाचा कल बदलतो म्हणे. पुढच्या रविवारी पुन्हा नाक वर, शिवाय गार पाण्यात हवाही मऊ पडली, म्हणून तिथेच उन्हात पंप मारत बसले. तिसऱ्या रविवारी माझा सोनामसुरी तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा पुढे ठेवला, मला न विचारता! नाक आलं थोडं खाली, आणि पहिल्याच वळणाला कट्टा घसरला तो थेट तळ्यात. रेड्डीगारूंच्या माशांनी वनभोजन केलं असेल. मी बोलणार होते, जीभ अगदी परजून तयार होते, पण ह्यांच्याकडे बघितलं आणि डबा आवरायला घेतला.

कारण ह्यांनी फाईल उघडलीच नाही. घरी आले आणि गेले गॅलरीत, त्या खुर्चीत. पेपर मांडीवर, घडी तशीच. चहा घेता का? "दे." सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी म्हणाले, "इंदू, ह्या रविवारी शेवटचं. नाही जमलं तर रेड्डीला देऊन टाकतो, घालू दे म्हशींना पाणी त्यातून. तुझा हॉल मोकळा होईल." आता बघा, दोन महिने मी देवापुढे हेच मागत होते की नाही? माझा हॉल, माझा सोफा! आणि आता देव देतोय तर मी त्याच देवापुढे परत जाऊन उभी राहिले, म्हटलं, देवा, मागचं सगळं रद्द समज, बोट चालू दे मेली!

रविवारी चाचाही आले सोबत. इंजिन गाणं म्हणतंय, हवा टणक, खीळ बरोबर, आणि नाक? नाक वर! हे इंजिन बंद करून तसेच बसून राहिले, तळ्याच्या मध्यावर, मान खाली घालून. मला काठावरून बघवेना हो. तेवढ्यात चाचा ओरडले, "साब! सामने वजन होना! हिलने का नक्को, जम के बैठनेवाला वजन!" मी म्हटलं, चाचा, मग बसा ना तुम्ही! तर छातीच्या फासळ्या दाखवून म्हणतात, "अम्मा, मैं तो इंजन से थोड़ा जादा हूँ बस!" मग रेड्डीगारू बसतील म्हटलं, तर ते म्हणे तीन महिन्यांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन. आणि मग चाचांनी माझ्याकडे बघितलं. रेड्डीगारूंनी बघितलं. काठावरच्या म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवून माझ्याकडे बघितलं!

मी! जी बादलीत पाय घालायला घाबरते! पण वल्हं मारत काठाला येणाऱ्या ह्या माणसाचं तोंड बघितलं, आणि खोचला पदर. केशरी जॅकेट घातलं, ते पट्टे माझ्यावर जेमतेम लागले, आणि बसले पुढच्या फळीवर. पण कशी? पाण्याकडे पाठ करून! म्हटलं, मला ते पाणी दिसायला नको. हे म्हणाले, "घट्ट धर, इंदू." मी रामरक्षा सुरू केली आणि चाचांनी काठावरून आरोळी दिली, "अब छोडो!"

आणि काय सांगू तुम्हाला... नाक खाली! बोट अशी उचलली गेली, अशी सपाट, अशी सुसाट, वारा कानात, पाण्याचे तुषार मानेवर, म्हशी मागे, रेड्डीगारू मागे, चाचा काठावर नाचताहेत! तळं मला दिसलंच नाही. पाठ केली होती ना! दिसत होते फक्त हे. आणि हे हसत होते. तोंड उघडं टाकून, सगळे दात, कवळीसकट, दिसतील असे हसत होते. बत्तीस वर्षांच्या संसारात असं मी ह्यांना बघितलं नव्हतं, आणि मी रामरक्षा सोडून रडायलाच लागले की! तर हे ओरडतात, "भीती वाटते का? थांबवू?" मी म्हटलं, खबरदार थांबवलीत तर!

घरी येऊन फाईल उघडली. मी मुद्दाम वाचली. "चाचणी क्रमांक अकरा. सौ. इंदू पुढच्या फळीवर. नाक खाली. शेरा: मंजूर." खाली सही, तारीख. मला वाटलं, चला, सुटले, झालं एकदाचं!

कसलं झालं? मागच्या आठवड्यात गुडघे दुखतात म्हणून डॉक्टर स्वातींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "इंदुताई, सहा किलो तरी कमी करा, नाहीतर गुडघे बोलायला लागतील." मी हो म्हणणार, तर हे खुर्चीतून ताडकन उठले, "छे छे, डॉक्टर, अजिबात शक्य नाही! महत्प्रयासानं सेटिंग बसलंय!" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. आता रोज सकाळी मला काट्यावर उभी करतात, आकडा फायलीत. पाऊण किलो कमी भरलं की दुपारी स्वतः, हो, स्वतः, ज्या माणसानं जन्मात कधी पाण्याचा पेला भरून घेतला नाही तो वाढायला उभा! पोळीवर तूप सोडतात, चमचा निथळेपर्यंत थांबतात, आणि मी नको नको म्हणत हात आडवा घातला की तो बाजूला करून म्हणतात, "बस, एवढंच राहिलंय, इंदू!"

खाते बापडी. काय करता!